एका तासाचा पाहुणा: अमेरिकेतल्या लॉ स्कूलचा वर्ग पाहायला जाताना

‘प्रवेश घ्यायच्या आधी वर्गात जाऊन बसता येतं का?’ अमेरिकेत कायदा शिकायचा विचार करणाऱ्या मुलामुलींचा हा पहिला प्रश्न असतो. दुसरा त्याच्या पाठोपाठ येतो: ‘आणि बसलो, तर प्रोफेसर मलाच काही विचारणार नाहीत ना?’

पहिल्याचं उत्तर ‘हो’ आहे. बऱ्याच लॉ स्कूलमध्ये इच्छुकांना एखादा तास पाहू देण्याची सोय असते. दुसऱ्याचं उत्तर ‘बहुधा नाही’ असं आहे, पण त्यासाठी पाहुण्याने काही गोष्टी पाळाव्या लागतात.

तास पाहायला जाण्यात शहाणपण आहे, कारण मामला महागाचा आहे. अमेरिकेत कायद्याची मुख्य पदवी म्हणजे जेडी. ती पदवीधर झाल्यानंतर करायची आणि तीन वर्षांची. नामांकित खासगी लॉ स्कूलची नुसती फीच वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या वर जाते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात वाढलेली मराठी घरातली मुलं कॉलेज संपवून जेडीकडे वळतात. पुण्या-मुंबईत एलएलबी झालेली मुलं तिकडे जातात ती बहुधा एक वर्षाच्या एलएलएमसाठी. दोघांनाही वर्ग पाहता येतो, फक्त दोघांच्या अडचणी वेगळ्या असतात. तिथे वाढलेल्याला कायद्याचा वर्ग नवा असतो आणि इथून गेलेल्याला तिथल्या वर्गाची रीत नवी असते.

शिष्टाचाराची यादी पाठ करून जाण्यात फारसा अर्थ नाही. तिथला वर्ग कसा चालतो हे एकदा नीट कळलं, की कुठे बसायचं, कधी गप्प राहायचं, कुणाशी काय बोलायचं हे बरंचसं आपोआप सुचतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१. प्रोफेसर शिकवत का नाहीत?

आपल्याकडच्या लॉ कॉलेजात तासाचं रूप ठरलेलं असतं. सर किंवा मॅडम कलम सांगतात, समजावतात, एखाद-दुसऱ्या खटल्याचं नाव देतात आणि मुलं वहीत उतरवून घेतात. अशा वर्गात शेवटच्या बाकावर कुणी अनोळखी येऊन बसला, तरी फारसं काही बिघडत नाही. व्याख्यान साठांनी ऐकलं काय आणि एकसष्टांनी ऐकलं काय!

अमेरिकेतल्या वर्गाची घडण वेगळी आहे, आणि तिचं मूळ हार्वर्डमध्ये आहे. १८७० मध्ये क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल हे तिथल्या लॉ स्कूलचे डीन झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी करारविषयक निकालांचं एक जाडजूड पुस्तक काढलं. कायदा शिकायचा तो नियमांच्या याद्यांवरून शिकू नये, न्यायालयांचे मूळ निकाल वाचून त्यांतून नियम स्वतः शोधावा, अशी त्यांची धारणा होती. अशा पुस्तकाला आज ‘केसबुक’ म्हणतात. मुलांनी निकाल घरी वाचून यायचं आणि वर्गात प्रोफेसरांनी प्रश्न विचारायचे, अशी ही पद्धत. पुढच्या काही दशकांत ती देशभर पसरली.

या पद्धतीतला सर्वांत धास्तीचा भाग म्हणजे ‘कोल्ड कॉल’. हात वर केलेला नसताना प्रोफेसर कुणाचंही आडनाव पुकारतात आणि त्या विद्यार्थ्याला आजचा निकाल उलगडून सांगावा लागतो. एका उत्तरावर सुटका नसते. उत्तरातून दुसरा प्रश्न निघतो, दुसऱ्यातून तिसरा. १९७३ च्या ‘द पेपर चेस’ या चित्रपटातले प्रोफेसर किंग्जफील्ड याच रीतीने वर्गाला घाम फोडतात. ती भूमिका करणारे जॉन हाउसमन यांना तिच्यासाठी ऑस्करही मिळालं. आजचे वर्ग इतके कडक राहिलेले नाहीत. उद्या कुणाला विचारणार हे काही प्रोफेसर आदल्या दिवशीच सांगतात, काही जण हात वर करणाऱ्यांनाच बोलू देतात. सांगाडा मात्र तोच आहे. मुलं बोलतात, अडखळतात, सावरतात, आणि त्यातूनच तास घडतो.

नाटकाची तालीम पाहायला बसू दिलेल्या माणसाची जी जागा, तीच या वर्गात पाहुण्याची. प्रयोगाला प्रेक्षक तिकीट काढून येतो, त्याच्यासाठीच सगळं चाललेलं असतं. तालीम मात्र नटांसाठी असते. तिथे चुकायची मुभा हवी असते, आणि कोपऱ्यात बसलेल्याने मधूनच वाक्य सुचवलं तर दिग्दर्शकाच्या कपाळावर आठी उमटणारच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पहिल्या वर्षाच्या बहुतेक मुख्य विषयांत गुण ठरतात ते सत्राच्या शेवटी होणाऱ्या एकाच परीक्षेवर, आणि उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक असतो. म्हणजे वर्गात चुकलं म्हणून सहसा नापास होण्याची भीती नसते. भीती असते ती वर्गबंधूंसमोर चुकण्याची. हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाची मुलं सात तुकड्यांत विभागतात आणि एका तुकडीत साधारण ऐंशी जण असतात. ही तुकडी वर्षभर मुख्य विषय एकत्र शिकते. त्यांना एकमेकांसमोर चुकायची हळूहळू सवय झालेली असते. पाहुणा त्या सवयीच्या बाहेरचा असतो, आणि त्याच्या वागण्याचे बहुतेक सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

२. एक तास जवळून

समजा, तुम्ही कॉन्ट्रॅक्ट्सच्या, म्हणजे करार कायद्याच्या तासाला गेलात आणि त्या दिवशी ‘हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल’ चालू आहे. हा १८५४ चा इंग्लंडमधला निकाल. अमेरिकेत पहिल्या वर्षी तो भेटतोच, आणि आपल्याकडच्या एलएलबीच्या मुलांनाही तो पाठ असतो, कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम ७३ याच तत्त्वावर उभं आहे.

हकीकत अशी. ग्लॉस्टरमधल्या एका गिरणीचा क्रँकशाफ्ट मोडला. नवा घडवण्यासाठी मोडका शाफ्ट नमुना म्हणून ग्रिनिचला पाठवायचा होता. वाहतूकदाराने दिरंगाई केली आणि गिरणी जास्त दिवस बंद राहिली. त्या दिवसांचा बुडालेला नफा वाहतूकदाराने भरून द्यायचा का? न्यायालयाचं म्हणणं पडलं, नाही. भरपाई मिळते ती दोनच प्रकारच्या नुकसानीची. एक, करार मोडला की नेहमीच्या ओघात होणारं नुकसान. दुसरं, करार करतानाच दोन्ही पक्षांच्या डोळ्यांसमोर असलेलं नुकसान. शाफ्ट येईपर्यंत गिरणी बंद पडून राहणार, हे वाहतूकदाराला कळवलेलं नव्हतं, असं न्यायालयाने धरलं.

आता वर्गातला संवाद साधारण कसा होईल, ते पाहू.

‘वाहतूकदाराला काय काय माहीत होतं?’ प्रोफेसर एका विद्यार्थिनीला विचारतात.

‘शाफ्ट मोडलेला आहे आणि तो गिरणीचा आहे, एवढंच.’

‘हे कुठे वाचलंत?’

‘न्यायमूर्तींच्या निकालपत्रात.’

‘त्याच्या वर खटल्याचा जो सारांश छापलाय, तो काय म्हणतो?’

ती पानं मागे उलटते. सारांशात चक्क लिहिलंय, की गिरणीच्या माणसाने वाहतूकदाराच्या कारकुनाला गिरणी बंद असल्याचं सांगितलं होतं.

‘मग? न्यायालयाने सारांश वाचला नव्हता?’

कुणी बोलत नाही. प्रोफेसरही बोलत नाहीत. दहा सेकंद जातात, पंधरा जातात.

नेमक्या या क्षणी पुण्याहून आलेल्या पाहुण्याचा हात शिवशिवतो. हॅडलीचे दोन नियम, कलम ७३, त्यावरचे आपले निकाल, सगळं त्याच्या जिभेवर असतं. पण प्रोफेसरांनी नियम विचारलेलाच नाही. कारकुनाला सांगणं म्हणजे कंपनीला सांगणं होतं का, नुसतं कानावर घातलं म्हणजे जबाबदारी स्वीकारली असं होतं का, आणि एकाच छापील खटल्यात दोन गोष्टी विसंगत असतील तर वकिलाने काय करायचं, हे त्या मुलीने स्वतः शोधावं म्हणून ती शांतता त्यांनी मुद्दाम लांबवलेली असते. पाहुण्याने ती मोडली, तर उत्तर बरोबर असूनही तास फुकट जातो.

पुढे प्रोफेसर कदाचित गोष्ट बदलतील: ‘समजा, कुरिअरवाल्याला तुम्ही नुसतं म्हणालात, जरा लवकर पोचवा हो, माझं दुकान अडलंय. तर?’ अशा बनवलेल्या उदाहरणाला मुलं ‘हायपो’ म्हणतात. एका निकालातला नियम किती ताणला तर तुटतो, हे हायपोंनी तपासतात. पाहुण्यालाही या वेळी करण्यासारखं काम असतं: मनातल्या मनात उत्तर द्यायचं आणि पुढच्या प्रश्नाने ते कुठे उखडलं जातं, ते पाहायचं.

३. कुणाला विचारायचं आणि कोणता तास निवडायचा

दार उघडं दिसलं म्हणून आत शिरायचं नसतं. विचारायचं ते ॲडमिशन्स ऑफिसला. बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांसाठी खुल्या असलेल्या तासांची यादी तयार असते. त्यातला एक निवडून नाव नोंदवायचं. यादी नसेल तर दोन-तीन आठवडे आधी ईमेल करून आपण कोण, कोणत्या तारखेला येऊ शकतो आणि कोणता विषय पाहायचा आहे, एवढं चार ओळींत लिहावं. प्रोफेसरांना परस्पर लिहायची वेळ आली, तर मायना ‘प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव असा घालावा. ‘रिस्पेक्टेड सर’ ही आपल्याकडची सवय तिथे विचित्र वाटते, आणि समोरच्या व्यक्ती बाई असतील तर जास्तच.

तास निवडताना पहिल्या वर्षाचा मोठा वर्ग घ्यावा. करार, टॉर्ट्स म्हणजे दुसऱ्याला केलेल्या अपायाच्या भरपाईचा कायदा, मालमत्ता, फौजदारी, दिवाणी कामकाज, हे ते विषय. ऐंशी जणांत एक पाहुणा सहज सामावतो. वरच्या वर्षांच्या सेमिनारमध्ये टेबलाभोवती दहा-बारा जण बसतात, तिथे अनोळखी चेहरा सगळ्यांना जाणवतो. आणि ‘क्लिनिक’ तर पाहायला मागूच नये. तिथे विद्यार्थी देखरेखीखाली खऱ्या अशिलांची कामं करतात. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणं हे कायद्याने घातलेलं बंधन आहे, आणि पाहुण्यासाठी ते सैल करता येत नाही.

एलएलएमला जाणाऱ्याने यात एक बदल करावा. परदेशातून आलेले वकील आणि जेडीची वरच्या वर्षांची मुलं बऱ्याच विषयांत एकाच वर्गात बसतात. कंपनी कायदा किंवा पुरावा कायद्याचा असा एखादा तास पाहता आला, तर पहिल्या वर्षाच्या तासापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

वेळही जपून निवडावी. बहुतेक ठिकाणी पहिलं सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं आणि परीक्षा डिसेंबरात असतात. पहिल्या दोन आठवड्यांत मुलंच बावरलेली असतात आणि शेवटच्या दोन आठवड्यांत त्यांची झोप उडालेली असते. मधला काळ बरा. शिकागो आणि स्टॅनफर्डमध्ये वर्ष तिमाह्यांत विभागलेलं असल्याने तिथलं वेळापत्रक निराळं असतं. प्रवेश मिळालेल्यांसाठी वसंतात खास दिवस ठेवतात. त्या दिवशीचे तास पाहुण्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असू शकतात, म्हणून जमल्यास एखादा साधा, एरवीचा तासही पाहावा.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एखादा तास पाहणं वेगळं आणि ‘ऑडिट’ करणं वेगळं. ऑडिट म्हणजे गुण न घेता पूर्ण सत्र वर्गात बसणं. त्यासाठी रीतसर नोंदणी लागते आणि बहुधा पैसेही. भारतातून भेटीच्या व्हिसावर जाणाऱ्यांनी हा फरक नीट ध्यानात ठेवावा, कारण त्या व्हिसावर पदवीसाठी मोजला जाणारा अभ्यासक्रम करता येत नाही. कॉलेजं पाहायला चाललो आहोत, हे व्हिसाच्या अर्जात आणि मुलाखतीत खरं तेच सांगावं.

४. जाण्याआधी किती वाचायचं?

त्या दिवशी वर्गात कोणती पानं आहेत, हे ॲडमिशन्स ऑफिसला विचारता येतं. केसबुक विकत घेऊ नये. नव्या प्रतीला दोनशे डॉलरहून जास्त पडतात, आणि जुने गाजलेले निकाल इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. निकाल वाचताना पाच गोष्टी एका कागदावर उतरवाव्यात. काय घडलं? खटला कोणत्या न्यायालयातून कुठे आला? प्रश्न काय होता? उत्तर काय मिळालं? आणि ते का? विद्यार्थी याला ‘ब्रीफ’ म्हणतात. एवढं केलं की वर्गातली निम्मी भाषा कळू लागते.

न वाचता गेलेल्या पाहुण्याला तास कंटाळवाणा वाटण्याची शक्यता बरीच असते. एकाच परिच्छेदावर वीस मिनिटं का चालली आहेत, हे त्याला उमगत नाही. मग तो खिशातून फोन काढतो, आणि शेजारच्या तिघांचं लक्ष तिकडे जातं.

५. बसायचं कुठे?

रिकामी दिसली म्हणून खुर्ची पटकावू नये. पहिल्या वर्षाच्या बहुतेक वर्गांत जागा ठरलेल्या असतात. प्रोफेसरांपुढे ‘सीटिंग चार्ट’, म्हणजे कोण कुठे बसतं त्याचा नकाशा असतो, अनेकदा छोट्या फोटोंसकट. नाव पुकारताना त्यांची नजर चार्टवरून त्या जागेकडे जाते. तिथे भलताच चेहरा दिसला तर त्यांचा गोंधळ होतो, आणि ज्याची जागा आहे तो दारात उभा राहून आपल्याकडे बघत राहतो.

म्हणून दहा मिनिटं आधी पोचावं. प्रोफेसर आलेले असतील तर पुढे होऊन नाव सांगावं, ॲडमिशन्स ऑफिसकडून आल्याचं सांगावं आणि ‘कुठे बसू?’ असं विचारावं. मागची रांग किंवा भिंतीकडेच्या खुर्च्या बहुधा पाहुण्यांसाठी असतात. प्रोफेसर आत आल्यावर उठून उभं राहायची रीत तिथे नाही. आपण एकटेच उभे राहिलो, तर टाळायचं होतं तेच होतं आणि सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळतात.

कपडे साधे, नीटनेटके असले की झालं. मुलं जीन्स आणि हुडी घालून आलेली असतात. सूट-टाय घातलेला माणूस त्यांना नोकरीच्या मुलाखतीला निघाल्यासारखा वाटतो.

आणि आईबाबा? कॅम्पस पाहायला, बुकस्टोअरमधून टी-शर्ट घ्यायला, जेवायला त्यांनी जरूर सोबत यावं. वर्गाच्या दारापासून पुढे मात्र एकट्याने जायचं असतं. फीचा निम्मा भार बाबा उचलणार असले, तरी जागा एकाच्याच नावाने नोंदवलेली असते. बहीण किंवा मित्र बरोबर असेल, तर त्याचीही वेगळी नोंदणी करावी. वर्गात दोघांनी मराठीतही कुजबुजू नये. भाषा कळत नसली तरी कुजबूज सगळ्यांना ऐकू जाते.

६. तास चालू असताना

लॅपटॉप काही वर्गांत चालतो, काहींत बंदी असते. पाहुण्याने वही-पेन न्यावं म्हणजे प्रश्नच मिटतो. फोन सायलेंटवर पुरेसा नाही, बंद करून पिशवीत ठेवावा. बाकावर ठेवलेला फोन नुसता थरथरला, तरी पायऱ्यापायऱ्यांच्या त्या वर्गात आवाज दूरवर जातो.

रेकॉर्डिंग करू नये, फोटोही काढू नये, रिकाम्या फळ्याचासुद्धा नाही. बहुतेक ठिकाणी परवानगीशिवाय त्याला सक्त मनाई असते. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत तर खासगी संभाषण सर्वांच्या संमतीशिवाय ध्वनिमुद्रित करणं हा कायद्यानेच गुन्हा आहे. वकील व्हायला निघालेल्याने सुरुवात तिथून करू नये.

हात वर करायचा नाही. प्रोफेसर संपूर्ण वर्गाला ‘कुणाला काही वाटतं?’ असं विचारतील, तेव्हाही नाही. मान डोलवणं, सुस्कारा सोडणं, विद्यार्थ्याच्या चुकीवर हसणं, हेही हात वर करण्यात जमा आहे. बोलणाऱ्या मुलाची नजर भिरभिरत असते आणि मागच्या रांगेतला ओळखीचा नसलेला चेहरा त्याला पटकन दिसतो.

तास पन्नास मिनिटांपासून दीड तासापर्यंत चालू शकतो. मधून उठून जायचं नाही. अकरा वाजता कॅम्पसची टूर असेल, तर साडेदहाचा तास निवडू नये. उशीर झालाच, तर दार ढकलून आत जाण्याऐवजी ॲडमिशन्स ऑफिसमध्ये परत जावं आणि दुसरा तास मागावा. मुलांच्या हातात कॉफी दिसेल, ती त्यांची मुभा आहे. पाहुण्याने पाण्याच्या बाटलीवर भागवावं.

७. नाव पुकारलं गेलंच तर?

चार्टवर आपलं नाव नसतं, त्यामुळे कोल्ड कॉल सहसा आपल्यावर येत नाही. तरी एखादे प्रोफेसर चार्ट न बघता बोट दाखवतात: ‘मागे, निळा शर्ट.’ अशा वेळी थातूरमातूर उत्तर द्यायला जाऊ नये आणि लांबलचक माफीही मागू नये. ‘मी आज पाहुणा आहे, वर्ग पाहायला आलोय,’ एवढं एक वाक्य पुरतं. प्रोफेसर हसून दुसरीकडे वळतात.

कधी कधी प्रोफेसर मुद्दामच विचारतात: ‘आज भारतातून एक वकील आल्या आहेत. तुमच्याकडे याचं काय करतात?’ हे बोलावणं आहे आणि ते स्वीकारावं. मात्र दोन-तीन वाक्यांत आटोपावं. हॅडलीच्या तासाला असा प्रश्न आला, तर ‘आमच्या १८७२ च्या कायद्यात हाच नियम कलम म्हणून लिहिलेला आहे, त्यामुळे आमची चर्चा निकालापासून सुरू न होता कलमापासून होते,’ एवढं म्हणून थांबावं. वर्गाला पुढे न्यायला तेवढं पुरेसं असतं. त्यापुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे चार निकाल सांगायला लागलं, की बोलावलेला पाहुणा मुक्कामाला आल्यासारखं होतं.

८. तास संपल्यावर

तास संपला की पाच-सहा मुलं प्रोफेसरांच्या टेबलाभोवती जमतात. अडलेलं विचारायची त्यांची ती वेळ असते. पाहुण्याने त्यांच्यानंतर जावं, आभार मानावेत आणि फार तर आजच्या निकालाबद्दल एक प्रश्न विचारावा. ‘माझा एलसॅटचा स्कोअर अमुक आहे, मला घेतील का?’ हा प्रश्न तिथे विचारायचा नाही. एलसॅट ही प्रवेशपरीक्षा, तिचे गुण १२० ते १८० मध्ये मोजतात, आणि त्यावरचे निर्णय प्रवेश समितीकडे असतात. बायोडेटा पुढे करू नये. काजूकतलीचा डबाही नको. त्याच संध्याकाळी पाठवलेला दोन ओळींचा आभाराचा ईमेल पुरे होतो.

मुलांशी बोलणं जास्त फायद्याचं असतं, पण काय विचारायचं ते ठरवून जावं. ‘तुझ्या परीक्षेत किती पडले?’, ‘स्कॉलरशिप किती मिळाली?’, ‘सगळ्यांत वाईट प्रोफेसर कोण?’ हे प्रश्न समोरच्याला अडचणीत टाकतात. शिवाय आकड्यांसाठी कुणाला विचारायची गरजच नसते. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या जवळपास दोनशे लॉ स्कूलना स्वतःची ठरावीक माहिती दरवर्षी जाहीर करावी लागते: प्रवेश मिळालेल्यांचे गुण, किती जणांना किती फीमाफी, मधूनच सोडून गेलेले किती, वकिलीच्या परीक्षेत उत्तीर्ण किती. ज्या नियमाखाली हे येतं त्याचा क्रमांक ५०९, म्हणून मुलं त्याला ‘फाइव्ह-ओ-नाइन रिपोर्ट’ म्हणतात. तो घरी बसून वाचता येतो.

त्यात न सापडणारं मुलांना विचारावं. उद्याच्या तासाचं वाचन करायला किती वेळ लागतो? असोसिएशनच्या नियमाने वर्गातल्या प्रत्येक तासामागे बाहेर किमान दोन तासांचं काम धरलेलं असतं. प्रत्यक्षात किती होतं? आजारपणात तास बुडाला तर टिपणं कुणी देतं का? प्रोफेसर भेटीच्या वेळेत खरंच भेटतात का? वर्गात चुकलं तर पुढचे दोन दिवस कसे जातात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना मुलं एकमेकांकडे कशी बघतात, तेही ध्यानात घ्यावं.

९. ऐकलेलं कुठपर्यंत न्यायचं?

फौजदारी कायद्याच्या तासाला बलात्काराच्या व्याख्येवर चर्चा होते, संविधानाच्या तासाला वंश, गर्भपात, बंदूक यांवर. मुलं अनेकदा स्वतःला न पटणारी बाजूही मांडतात, कारण प्रोफेसरांनी ती मांडायला सांगितलेली असते. वकिलाला उद्या तेच करायचं असतं. त्यातलं एक वाक्य उचलून, नावासकट बाहेर टाकलं, तर त्या मुलाला ते वर्षानुवर्षं चिकटू शकतं. म्हणून कोण काय म्हणालं, हे वर्गाबाहेर न्यायचं नाही. इन्स्टाग्रामवर नाही आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही.

प्रवेशाच्या निबंधात तासाचा उल्लेख करायला हरकत नाही. तो विषयाबद्दल असावा: कोणता प्रश्न निघाला, त्याने आपल्या डोक्यात काय सुरू झालं. विद्यार्थ्याचं नाव किंवा त्याची चूक त्यात येऊ नये. वर्ग पाहिल्यामुळेच प्रवेश मिळेल, अशी अपेक्षाही ठेवू नये.

१०. एका तासातून काय कळतं?

मागच्या रांगेचा एक फायदा म्हणजे पुढच्या सगळ्यांचे लॅपटॉप दिसतात. किती पडद्यांवर टिपणं आहेत आणि किती पडद्यांवर बुटांची खरेदी चाललीय, यावरून तासाची पकड कळते. चुकीचं उत्तर आल्यावर प्रोफेसर काय करतात, तेही पाहावं. काही जण विद्यार्थ्याला तिथेच सोडून पुढच्याकडे जातात, काही जण त्याच चुकीतून दोन पावलं काढून त्यालाच बरोबर जागी आणतात. मुलं एकमेकांच्या उत्तरांचा धागा पुढे नेतात का, की प्रत्येक जण फक्त प्रोफेसरांशीच बोलतो? तासाभरात चार जण बोलले की वीस?

कळत नाही ते असं: हेच प्रोफेसर पुढच्या वर्षी आपल्याला असतील का, पदवीनंतर नोकरी कुठे लागेल, गावात हिवाळा कसा काढायचा. ठिकाणाठिकाणाची घडणही एकाच तासातून दिसत नाही. येलमध्ये वर्षाला सुमारे दोनशेच मुलं घेतात, पहिल्या सत्रातला एक विषय पंधरा-सोळा जणांच्या छोट्या गटात शिकवतात आणि त्या सत्रात श्रेणी देत नाहीत. तिथला एक मोठा वर्ग पाहून हार्वर्डच्या मोठ्या वर्गाशी तुलना केली, तर ती अर्धवटच राहते. तुलना करायचीच असेल तर दोन ठिकाणी एकाच विषयाचा तास पाहावा. विषय तोच राहिला, की फरक शिकवण्यातला आणि मुलांमधला असतो.

त्याच रात्री अर्धा पान लिहून ठेवावं. एका बाजूला पाहिलेलं, दुसऱ्या बाजूला फी, फीमाफी आणि वकिलीच्या परीक्षेचे आकडे. आकड्यांत मोठा फरक असेल, तर एका रंगलेल्या तासापायी तो डोळ्याआड करू नये. कर्ज फेडायला दहा-पंधरा वर्षं लागू शकतात. आकडे जवळजवळ सारखे निघाले, तर मात्र त्या तासाला वजन द्यावं. शाफ्टच्या प्रश्नावर पंधरा सेकंद गप्प उभी असलेली विद्यार्थिनी आपण असतो, तर पुढचं वाक्य शोधायला या वर्गाने आपल्याला वेळ दिला असता का? ज्या ठिकाणाबद्दल याचं उत्तर ‘हो’ येईल, तिथे अर्ज आधी भरावा.